विश्वस्त कोण, मालक कोण?



१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जणांचा जीव गेला. त्यांत कारखान्याचे मालक होते, त्यांच्या घरची माणसे होती, एक लहान मूल होते आणि कामगार होते. मालकाचे कुटुंब कारखान्याच्या आवारातच राहात होते. माग जिथे चालतो तिथेच वरती किंवा मागच्या बाजूला संसार मांडायचा, ही सोलापुरात नवलाची गोष्ट नाही. त्यामुळे आग कारखान्याला लागते आणि घर जळते.

त्या घराच्या दुःखात डोकावण्याचा आम्हाला अधिकार नाही आणि आमचा तसा हेतूही नाही. पण त्या बातमीनंतरच्या आमच्या बैठकीत आगीवर बोलता बोलता एक जण म्हणाली, "आमच्याकडं असं काही झालं तर कागद कुठल्या कपाटात आहेत तेवढं मला माहीत आहे. पण त्यावर नावं कुणाची आहेत ते विचाराल तर सांगता यायचं नाही." ती वीस वर्षे त्याच रस्त्यावर टॉवेलच्या कडा शिवून घेण्याचे काम सांभाळते. कोणत्या मागावर कुठला माल चढला आहे हे तिला झोपेत विचारले तरी सांगेल. तिच्या त्या वाक्यावरून हा विषय निघाला.

अक्कलकोट रोडच्या एखाद्या मध्यम कारखान्याची मालकी उलगडून पाहायला लागले तर कांदा सोलल्यासारखे होते. जागा एमआयडीसीची. ती विकत मिळत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते, आणि पट्टा बहुधा सासऱ्यांच्या नावाने. माग फर्मचे. फर्मचे भागीदार दोघे भाऊ, आणि कधी कधी कुणा सल्लागाराच्या सांगण्यावरून त्यांच्या बायका. सूत उधारीवर, बँकेचे कर्ज वेगळे, माल व्यापाऱ्याकडे अडकलेला. शिवाय पॉलिसी, ठेवी, सोसायटीतला फ्लॅट. यातल्या प्रत्येक कागदावर कुणाचे तरी नाव आहे आणि त्या प्रत्येक नावाचा अर्थ वेगळा आहे. पट्टेदार, भागीदार, जामीनदार, नॉमिनी, वारस, विश्वस्त. घरात मात्र या सगळ्यांना एकच शब्द असतो: "त्यांच्या नावावर आहे."

आता असे एक घर डोळ्यांसमोर आणू. चाळिशीचा कारखानदार अचानक जातो. मागे बायको, शाळेत जाणाऱ्या दोन मुली आणि म्हातारी आई. मृत्युपत्र नाही. विम्याची पॉलिसी लग्नाआधीची, तिच्यावर नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचे नाव. लग्न झाले, मुली झाल्या, पण नाव बदलायचे राहून गेले. ठेवींवरही तोच. तेराव्याच्या आत भाऊ कागद घेऊन जातो, चेक त्याच्या नावाने निघतो, आणि वहिनीला सांगितले जाते, "काळजी करू नका, मी आहे." यात वाईट हेतू असेलच असे नाही. बहुतेक वेळा नसतो. पण दोन वर्षांनी मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी त्याच पैशातले पैसे त्याच माणसाकडे मागायला जाताना तिला पदर सावरून दारात उभे राहावे लागते. पैसे तिचे, आणि उपकार त्याचे.

या घरातल्या माणसाला हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू असेल तर वाटणी साधी आहे. बायको, दोन मुली आणि आई अशा चौघींना प्रत्येकी चौथा हिस्सा, आणि भावाला काहीही नाही. तरीही चेक भावाच्या खात्यात! मग हे पैसे कुणाचे?

या प्रश्नावर आपल्या न्यायालयांनी चाळीस वर्षे घालवली आहेत आणि ती कथा बायकांनी ऐकण्यासारखी आहे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी खटल्यात सांगितले की विम्याचा नॉमिनी पैसे स्वीकारणारा हात आहे, पैशाचा मालक नाही. पैसे वारसांचे. मौज अशी की त्या खटल्यात नॉमिनी बायको होती आणि हिस्सा मागणारी तिची सासू आणि मुलगा होते. म्हणजे हा नियम बायकोच्या बाजूने लागतो तसा तिच्या विरुद्धही लागतो. तो कुणाच्या सोयीचा नाही म्हणूनच आम्हाला तो बरा वाटतो.

पण शेअर्सचे काय? २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींपुढे एक विधवा आली. नवऱ्याने शेअर्सवर तिचे नाव न लावता नात्यातल्या दुसऱ्याच माणसाचे नाव लावले होते. निकाल तिच्या विरुद्ध गेला. शेअर्सच्या बाबतीत नॉमिनी हाच मालक, असे ठरले. पुढची काही वर्षे कितीतरी घरांत हा निकाल दाखवून बायकांना गप्प केले गेले असेल, त्याची मोजदाद कोण ठेवतो? २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ही भूमिका खोडून काढली. तो वाद मराठी माणसाला माहीत असलेल्या घरातला होता. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते. २०१३ मध्ये ते गेल्यावर, ज्या ठेवींवर आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनींची नावे होती ती रक्कम नॉमिनींची की मृत्युपत्राप्रमाणे वाटायची, यावर भांडण उभे राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा शब्द दिला: नॉमिनी केवळ नावामुळे पूर्ण मालक होत नाही आणि वारसाहक्क नॉमिनेशनने बाजूला सारता येत नाही. वर्षानुवर्षे तिथीवार पाहायला ज्यांचे कॅलेंडर आपण भिंतीवर लावले, त्यांच्या घरच्या खटल्याने हा प्रश्न सुटला.

म्हणजे आपल्या कल्पनेतल्या घरातला तो दीर, चेक हातात पडल्यापासून, स्वतःला काहीही म्हणवून घेवो, त्या चौघींच्या वतीने पैसे धरून बसलेला माणूस आहे. सोसायटीच्या फ्लॅटचेही तसेच. २०१९ पासून महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हटले आहे, वारस ठरेपर्यंतचा. विम्यात मात्र २०१५ साली एक बदल झाला. आई-वडील, नवरा-बायको किंवा मुले नॉमिनी असतील तर ती नुसते पैसे स्वीकारणारी न राहता लाभाची हक्कदार होतात, असे कायद्यात आले, आणि त्याचा अर्थ किती ताणायचा यावर न्यायालयांत मतभेद आहेत. भाऊ त्या यादीत नाही. तेवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ आहे.

फर्ममधला नवऱ्याचा हिस्सा हा आणखी निसरडा विषय. भागीदार गेला की जिवंत भागीदार धंदा चालूच ठेवतो. माग थांबवून चालत नाही, कामगारांचे पगार असतात, हे खरे. पण गेलेल्याचे भांडवल त्याच मागांत फिरत असते. १९३२ चा भागीदारी कायदा म्हणतो की हिशेब न मिटवता धंदा चालवला, तर गेलेल्याच्या वारसांना त्यांच्या भांडवलाच्या प्रमाणात नफा मागता येतो किंवा त्यावर सहा टक्के व्याज, आणि यातले काय घ्यायचे ते वारसांनी ठरवायचे. भागीदारांत वेगळा करार नसेल तरची ही गोष्ट. म्हणून भागीदारीपत्र आधी वाचले पाहिजे. आणि या काळात घरात येणारा सर्वांत धोक्याचा कागद म्हणजे हक्कसोडपत्र. "बँकेला लागतं, वहिनी, इथं सही करा." वाचल्याशिवाय आणि दोन दिवस स्वतःजवळ ठेवल्याशिवाय त्याच्यावर सही करू नका. ज्याला खरोखर घाई आहे तो दोन दिवस थांबतो. ज्याला लपवायचे आहे तो थांबत नाही.

इथवर आपण बोललो ते न नेमलेल्या विश्वस्तांविषयी, अपघाताने झालेल्या. आता विचारपूर्वक नेमलेल्या विश्वस्ताकडे वळू. विश्वस्त म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर देवस्थान येते. अक्कलकोटचा रस्ताच स्वामी समर्थांकडे जाणारा, सोलापुरात सिद्धेश्वर. तिथले पंच, तिथले ट्रस्टी. किंवा शाळेचे, दवाखान्याचे. ते सार्वजनिक ट्रस्ट, त्यांच्यासाठी १९५० चा कायदा आणि धर्मादाय आयुक्त. घरच्या माणसांसाठी केलेला खाजगी ट्रस्ट त्यांच्या कक्षेत येत नाही, त्याच्यासाठी १८८२ चा भारतीय न्यास कायदा आहे. तो कोट्यधीशांसाठी आहे असा समज आहे. पण चार माग आणि एक शेड असलेला माणूसही मृत्युपत्रात लिहू शकतो की माझ्या मुली पंचवीस वर्षांच्या होईपर्यंत अमुक रक्कम अमुक दोघांनी विश्वस्त म्हणून सांभाळावी, व्याजातून शिक्षण करावे आणि मुद्दल नंतर त्यांच्या हाती द्यावे. मृत्युपत्र साध्या कागदावर होते, दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही. हयातीतच ट्रस्ट करायचा आणि त्यात जागा-जमीन घालायची असेल तर मात्र लेखी, नोंदलेला दस्त हवा.

हा कायदा विश्वस्ताला काय सांगतो ते पाहिले की वाटते, आपल्या घराघरांतल्या दिरा-काकांना तो भिंतीवर लावायला द्यावा. विश्वस्त व्हायची कुणावर सक्ती नाही, पण एकदा हो म्हटल्यावर मनात येईल तेव्हा अंग काढून घेता येत नाही. दुसऱ्याचे पैसे आपल्या पैशांइतक्या काळजीने सांभाळायचे. (कायद्याने इथे शहाण्या पुरुषाचे माप दिले आहे, पुल्लिंगात स्त्रीलिंग धरावे असे सांगणारा कायदा वेगळा आहे, तेव्हा शहाण्या बायकांनी नाराज होऊ नये.) लाभार्थी दोन असतील तर एकीकडे झुकायचे नाही, म्हणजे मुलाच्या धंद्याला पैसे आणि मुलीला "लग्नात बघू" असे चालत नाही. आपले काम दुसऱ्यावर ढकलायचे नाही. दोघे विश्वस्त असतील तर दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा. एकाने सह्या करून कोरे चेकबुक दुसऱ्याला देणे हे विश्वासाचे लक्षण मानले जाते, कायदा त्याला कसूर मानतो. दस्तात तसे लिहिलेले नसेल तर मेहनताना घ्यायचा नाही.

आणि सोलापुरात ज्याच्यावर सर्वांत जास्त घसरगुंडी होते ते कलम: विश्वस्ताने त्या मालमत्तेतून स्वतःचा फायदा करून घ्यायचा नाही आणि ती स्वतः विकत घ्यायची नाही. आपल्याकडे नेमके हेच होते आणि ते चांगुलपणा म्हणून होते. "बाहेरच्याला कशाला, दादाचे माग मीच घेतो, घरातच राहतील." भाव कोण ठरवतो? घेणाराच ठरवतो. विकणाऱ्याच्या जागीही तोच बसलेला असतो. मुलींच्या पैशातून सूत उचलायचे, माल गेला की परत टाकायचे, हेही तसेच. परत टाकले तरी मधल्या काळात जोखीम कुणी घेतली? माल बुडाला असता तर मुलींचा बुडाला असता, आणि तरला तर नफा त्याचा. कायदा म्हणतो, नुकसान झाले तर विश्वस्ताने पदरचे भरायचे. बुडवण्याच्या हेतूने केले असेल तर तो फौजदारी गुन्हाही आहे.

हिशेबाबद्दल थोडे अधिक. विश्वस्ताने स्वच्छ हिशेब ठेवायचा, मागेल तेव्हा दाखवायचा, आणि लाभार्थीला दस्त, हिशेब, पावत्या पाहण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा हक्क आहे. तो हक्क आहे म्हणजे विचारणे हा त्याचा साधा वापर आहे. पण घरात बाईने हिशेब विचारला की पहिला शब्द येतो, "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?" बचत गटात याच बाया दर महिन्याला वही उघडतात, दहा रुपयांचा फरक निघाला तर रात्री नऊपर्यंत बसतात, आणि कुणी कुणाला अविश्वासू म्हणत नाही. विडी कारखान्यात हजार विड्यांमागे किती बाद झाल्या यावरून भांडणारी बाई दिरापुढे गप्प का बसते, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळणार नाही. दाद मात्र तिथे मिळते. हिशेब देत नसेल, पैसे वापरत असेल, तर जिल्ह्याच्या मुख्य दिवाणी न्यायालयाकडे विश्वस्त काढून दुसरा नेमण्याची मागणी करता येते.

कर्जबाजारीपणा हा मागधंद्याचा सावत्र भाऊ. म्हणून आम्हाला एका जुन्या कायद्याकडे सर्वांचे लक्ष वेधायचे आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा. त्याच्या सहाव्या कलमाखाली नवऱ्याने स्वतःच्या जिवावर बायको-मुलांच्या लाभासाठी पॉलिसी घेतली, तर ती पॉलिसीच एक ट्रस्ट होते. ते पैसे नवऱ्याच्या इस्टेटीत मोजले जात नाहीत. सूतवाल्याची उधारी, बँकेची थकबाकी, भावाभावांचा वाद यांतले काहीही त्यावर चढत नाही. फक्त ती पॉलिसी देणेकऱ्यांना फसवण्यासाठी घेतलेली नसावी. पहिल्यांदा हा लाभ हिंदू-मुसलमान घरांना मिळत नव्हता, १९२३ च्या दुरुस्तीने तो हिंदू, मुसलमान, शीख, जैन सर्वांना दिला. विश्वस्त नवऱ्याने नेमायचा. नेमला नाही तर पैसे राज्याच्या अधिकृत विश्वस्ताकडे जातात. पॉलिसी घेतानाच एक जादा फॉर्म भरावा लागतो, जादा पैसे पडत नाहीत, आणि नंतर हे करता येत नाही. एजंट बहुधा आपणहून सांगत नाही, कारण मग नवऱ्याला ती पॉलिसी मोडता येत नाही आणि तिच्यावर कर्ज उचलता येत नाही. आमच्या मते तोच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. शंभर वर्षे हे कलम आहे आणि टॉवेलच्या कारखान्यांत ते माहीत असलेली बाई आम्हाला अजून भेटायची आहे.

मुसलमान घरांतल्या मैत्रिणींसाठी एवढे, की तिथे मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांशच देता येते, बाकीचे वारसांच्या ठरलेल्या हिश्श्यांनी जाते, आणि मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याला वसी म्हणतात. बाई वसी होऊ शकते.

खरे तर कुठल्याच कायद्याने बाईला विश्वस्त व्हायची बंदी केलेली नाही. तरी नाव लिहायची वेळ आली की भाऊ, मेहुणा, मित्र, वकील, सीए असे पुरुष रांगेने उभे राहतात. एक जण बाहेरचा हवा, व्यवहार जाणणारा, हे आम्हालाही मान्य आहे. पण दुसरी ती स्वतः का नसावी? आणि ज्याला आपण विश्वस्त करतो आहोत त्याचाच त्या फर्मात हिस्सा असेल, तर तो कितीही देवमाणूस असो, त्याला ते नाव देऊन आपण त्याच्यावरच अन्याय करतो. दोन्ही तराजू त्याच्या हातात देऊन वर म्हणायचे, नीट तोल.

बाईला सांभाळून घ्यावे लागते, ही समजूत कायद्यातही कशी बसली आहे त्याचा एक नमुना. आगीत गेलेल्या कामगारांच्या बायकांचा प्रश्न कारखानदाराच्या बायकोपेक्षा वेगळा आहे; तिथे पट्टा नाही, फर्म नाही, असलाच तर प्रॉव्हिडंट फंड आणि नुकसानभरपाई. कामगार कामावर मेला तर भरपाई मालकाने परस्पर घरी द्यायची नाही, आयुक्ताकडे जमा करायची, असे १९२३ च्या भरपाई कायद्याने सांगितले. चांगले केले. नाहीतर दहा हजार टेकवून कोऱ्या कागदावर अंगठा घेतला गेला असता. पण त्याच कलमात एकरकमी पैसे सांभाळून, गुंतवून द्यावेत अशा ज्या माणसांची यादी होती, तिच्यात कायद्याने अक्षम ठरलेल्यांच्या शेजारी "स्त्री" हा शब्द होता. सज्ञान, कमावती, चार घरची धुणी करून पोरे वाढवणारी स्त्री, अल्पवयीन आणि वेडसर माणसांच्या पंगतीला. संरक्षण आणि अपमान एकाच वाक्यात बसवायची ही हातोटी आपल्याकडे जुनी आहे. प्रॉव्हिडंट फंडाच्या बाबतीत एक गोष्ट कामगारांच्या घरी आवर्जून सांगा: लग्नाआधी केलेले नॉमिनेशन लग्नानंतर चालत नाही, नवे करावे लागते. आणि बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारी ठरवून. तेव्हा "एकच नाव लागतं, आईचं लावलं" ही सबबही आता राहिली नाही.

या अंकाबरोबर आम्ही एक कोरा तक्ता देत आहोत. डाव्या बाजूला पॉलिसी, ठेव, फंड, फ्लॅट, पट्टा, फर्म, माग. उजव्या बाजूला तीन रकाने: नाव कुणाचे, नॉमिनी कोण, कागद कुठे. तो घरच्या माणसाबरोबर बसून भरा. कुणी चिडले तर का चिडले, तेही खाली लिहा. भरलेला तक्ता पाठवू नका, तो घरातच ठेवा. पण भरताना काय घडले, कुठल्या रकान्यापाशी अडलात आणि कोण काय म्हणाले, ते आम्हाला कळवा. नावे छापणार नाही. पुढच्या अंकातली आठ पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.